घरची बिअर (भाग ९) : टोप मोठा घ्याल, आच कुठून आणाल?

पाच गॅलनचा घाणा म्हणजे १९ लिटर बिअर, पन्नासेक बाटल्या. चार मित्र दोनदा घरी आले की संपली. दहा गॅलनच्या घाण्याला मेहनत काही दुप्पट लागत नाही. धान्य भिजवायला तोच तास, उकळायला तोच तास, आणि शेवटची धुणीभांडीही जवळपास तेवढीच. म्हणूनच न्यू जर्सी असो की टेक्सास, पहिले काही घाणे जमले की माणसाची नजर मोठ्या टोपाकडे वळते.

कायद्याची आडकाठी नाही. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली सही केलेल्या कायद्याप्रमाणे दोन किंवा अधिक प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन बिअर करता येते, विकायची नाही एवढीच अट. म्हणजे दहा गॅलनचे वीस घाणे. तेवढे करणारा घरात दुसरं काही करत नसावा. राज्यांचे नियम वेगळे असतात, पण मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यंही २०१३ मध्ये वळली. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय घरी बिअर करणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकांनी ही लेखमाला वाचनापुरतीच ठेवावी.

आता हिशेब. दहा गॅलन बिअरसाठी दहा गॅलनचा टोप चालत नाही, हे उघड आहे. पण किती मोठा लागतो ते उलट्या बाजूने मोजावं. आंबवायच्या भांड्यात ३८ लिटर वर्ट, म्हणजे धान्याचा गोड अर्क, हवा. टोपाच्या तळाशी हॉप्सचा आणि प्रथिनांचा गाळ राहतो, त्यात दोनेक लिटर जातात. गरम वर्ट थंड होताना सुमारे चार टक्के आकसतो. तासाभराच्या उकळीत साडेचार-पाच लिटरची वाफ होते. सगळं धरून उकळी सुरू होताना टोपात ४६ लिटर हवेत. त्यावर फेसाला जागा. वर्टला पहिली उकळी येते तेव्हा तो दुधासारखा एकदम वर चढतो, आणि सांडला तर शेगडीवर चिकट काळा पाक जळतो. १५ गॅलनचा, म्हणजे ५७ लिटरचा टोप डोळ्यांत तेल घालून उभं राहणाऱ्याला पुरतो. सगळं धान्य पिशवीत घालून त्याच टोपात भिजवायचं असेल, तर २० गॅलनच्या खाली जाऊ नये, कारण दर किलो धान्य पाण्यात सुमारे दोन-तृतीयांश लिटर जागा अडवतं.

इथवर दुकानदारही सांगतो. तो सहसा सांगत नाही ते आचेचं.

धान्याचा अर्क गाळून टोपात येतो तेव्हा तो ६५ अंशांच्या आसपास असतो. ४६ लिटर तिथून शंभरावर न्यायला साडेसहा हजार किलोज्यूल लागतात. अमेरिकन स्वयंपाकघरातल्या गॅसचा मोठा बर्नर १५ हजार बीटीयूचा धरला, तर तो साडेचार किलोवॅटच्या जवळपास. पण त्यातली निम्म्याहून जास्त उष्णता टोपाच्या बाजूने वर निघून जाते. पाण्यात पोचतात जेमतेम दोन किलोवॅट. म्हणजे उकळी यायलाच तास. तोही सोसता येईल, पण पुढचं गणित वाईट आहे. तासाला साडेचार लिटर वाफ करायला २.८ किलोवॅट लागतात, आणि टोपाच्या अंगातून जाणारी उष्णता वेगळी. थोडक्यात, त्या बर्नरवर ४६ लिटर खळखळून उकळतच नाहीत, नुसते डुचमळत राहतात. भिंतीतल्या १२० व्होल्टच्या साध्या सॉकेटचीही हीच गत, १५ अँपिअरवर त्याची कमाल १८०० वॅट.

मग माणूस काय करतो? झाकण ठेवतो. उकळी येते, आणि तिथेच बिअर बिघडते. मॉल्टमधून उकळताना डायमिथाइल सल्फाइड तयार होतं, त्याला उकडलेल्या मक्याचा वास असतो आणि ते वाफेबरोबर उडून जायला हवं. झाकण असलं की ते थेंबाथेंबाने परत टोपात पडतं. फिकट लागर मॉल्टमध्ये हा दोष सर्वांत जास्त जाणवतो.

म्हणून माझं मत असं, की टोपाच्या आधी आच ठरवा. घराबाहेर मोकळी जागा असेल तर ६० हजार बीटीयूचा प्रोपेन बर्नर पुरतो. तो बंद गॅरेजमध्ये लावायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. लाकडी डेकवरही नाही. विजेवर करायचं तर २४० व्होल्टचं ५५०० वॅटचं एलिमेंट घ्या. त्याला कपडे वाळवायच्या यंत्रासारखी ३० अँपिअरची लाइन आणि जीएफसीआय संरक्षण (वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारं) लागतं, आणि ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं आहे. अपार्टमेंटमध्ये यातलं काहीच शक्य नसेल, तर पाच गॅलनवर समाधान माना. मोठा टोप तिथे अडगळच होईल.

दुसरी गोष्ट वजनाची. भरलेला टोप ५५ किलोच्या घरात जातो, आणि आत उकळता द्रव. तो उचलायचा नाही, कोणाच्या मदतीनेही नाही. तेव्हा तळाशी तोटी हवीच, आणि ती तीन तुकड्यांत उघडणारी असावी, कारण तोटीच्या पोटात साचलेला वर्ट पुढच्या घाण्याला नासवतो. आत तळापर्यंत पोचणारी नळी असली तर शेवटचे तीन-चार लिटरही निघतात. वेल्ड न करता सिलिकॉनच्या रिंगवर बसवलेली तोटीही चांगली चालते, अधूनमधून पिळून घट्ट करावी लागते एवढंच.

धातूवर लोक उगाच फार भांडतात. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा कितीतरी पट उत्तम उष्णतावाहक आहे, हलकं आहे, स्वस्त आहे. लुइझियानात क्रॉफिश उकडायला ६० क्वार्टचे ॲल्युमिनियमचे टोप सर्रास मिळतात, म्हणजे आपले तेच १५ गॅलन. आधी त्यात नुसतं पाणी उकळून राखाडी थर धरू द्यायचा आणि तो कधी घासायचा नाही. फक्त तीव्र अल्कलीयुक्त क्लीनर त्याला चालत नाहीत. ज्याला घासूनपुसून लख्ख ठेवायची सवय आहे, त्याने जाड तळाचं स्टील घ्यावं. जुने लोक १५.५ गॅलनचा बिअरचा केग वरून कापून वापरत. पण अनामत भरून आणलेला केग कंपनीच्याच मालकीचा राहतो, तो कापायचा नसतो. विकत घेतलेला असेल तर गोष्ट वेगळी.

‘पुढे लागेल’ म्हणून तीस गॅलनचा टोप घेऊ नका. त्यात पाच गॅलन उकळायला गेलात तर तासाला तितकीच वाफ जाते, पण ती २४-२५ लिटरमधून. बिअर ठरल्यापेक्षा दाट होते. शिवाय उथळ द्रवात एलिमेंट उघडं पडलं की जळालंच.

टोप आला की पहिल्या दिवशी मॉल्ट उघडू नका. ४६ लिटर पाणी मोजून ओता, एका लाकडी पट्टीवर दर पाच लिटरला खूण करा, नेहमीच्या आचेवर तासभर उकळा आणि थंड झाल्यावर पुन्हा मोजा. तोटी कुठे गळते तेही कळेल. किती लिटर उडाले तो आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात दहा गॅलनसाठी धान्य आणि पाणी मोजताना तोच लागणार आहे.