मेलेल्या पिल्लाचा रकाना

डेन्मार्कच्या व्यावसायिक वराहपालनात डुकरिणीच्या एका वेतात, मेलेली धरून, सरासरी १९हून अधिक पिल्लं जन्मतात. तिचे सड सहसा १४ ते १६. एवढ्या मोठ्या वेतात काही पिल्लं दगावणारच, म्हणून फार्मवर प्रत्येक वेताची नोंद ठेवतात: जिवंत किती, मेलेली जन्मली किती, गर्भातच वाळून गेलेली किती. कोणती मादी ठेवायची आणि कोणती कत्तलखान्यात धाडायची, हेही बऱ्याच अंशी या आकड्यांवरून ठरतं. या नोंदींत गफलत होते ती बेरजेत क्वचितच. चुकतो तो रकाना.

गाभणकाळ साधारण ११५ दिवसांचा असला, तरी नेमकी वेळ कोण सांगणार? अनेक माद्या रात्री वितात, आणि तेव्हा तिथे माणूस नसतो. सकाळी कामगाराला चार पिल्लं मेलेली दिसतात. एखादं पोटातच गेलेलं, एखादं बाहेर येताना गुदमरलेलं, तर एखादं चांगलं जन्मून आईच्या अंगाखाली चिरडलेलं. घाईत चारही 'मृत जन्मलेली' म्हणून लिहिली जातात. यात दर वेळी लबाडी असते असं नाही, पण सोय नक्की असते. दूध तोडेपर्यंतची मरतूक जिवंत जन्मलेल्या पिल्लांवरच काढतात, त्यामुळे चिरडलेलं पिल्लू मृत जन्मलेलं ठरलं की मरतुकीचा टक्का आपसूक उतरतो. ज्याचं काम त्या टक्क्यावर जोखलं जातं, पेनही बहुधा त्याच्याच हातात असतं!

खरं-खोटं करणं अवघड नाही. श्वास घेतलेल्या पिल्लाच्या फुप्फुसाचा तुकडा पाण्यावर तरंगतो, न घेतलेल्याचा बुडतो. जन्मतः खुरांवर मऊ आवरण असतं, पिल्लू चाललं की ते झिजतं. पोटात दूध सापडलं तर प्रश्नच मिटला. अशा तपासण्यांत 'मृत जन्मलेल्यां'पैकी काहींनी श्वास घेतल्याचं वारंवार आढळलं आहे. चाचणी अचूक नाही हेही खरं, कारण कुजलेल्या फुप्फुसात वायू धरतो आणि तेही तरंगतं. म्हणून पिल्लं ताजी असतानाच पाहावी लागतात.

मेलेली शेवटी मेलेलीच, मग रकान्याचा एवढा काथ्याकूट कशाला, असं कुणी म्हणेल. पण उपाय रकान्यावरच ठरतो. पिल्लं चिरडत असतील तर कप्प्याची रचना आणि पिल्लांसाठीची उबेची जागा बदलायला हवी. बाहेर येताना गुदमरत असतील तर विताना माणूस हजर हवा. गर्भात वाळलेली वाढली तर पार्व्होसारख्या विषाणूचा संशय घ्यायला हवा. सगळं एकाच रकान्यात कोंबलं, तर साथीचा पहिला इशाराही त्यातच बुडतो.

डेन्मार्कच्या पैदास कार्यक्रमाने २००४पासून निवडीचा निकष जन्मणाऱ्या पिल्लांच्या संख्येवरून पाचव्या दिवशी जिवंत असलेल्यांवर आणला. जगणाऱ्या पिल्लांना महत्त्व मिळावं हा त्याचा हेतू. शिवाय पहिल्या रात्रीचा रकाना चुकला तरी हा आकडा बिघडत नाही. मग तेवढंच का मोजू नये? पैदाशीसाठी ते पुरेसं ठरेलही, पण पिल्लू कशाने गेलं हे त्यातून कळत नाही. फार्मवाल्याला तर तेच हवं असतं. प्रत्येक पिल्लू चिरून पाहणं परवडत नाही ही तक्रार रास्त आहे, पण तशी गरजही नाही. अधूनमधून काही वेतांची मेलेली पिल्लं तपासली तरी नोंद किती हुकते याचा अदमास येतो, आणि ती तपासणी कामगाराकडे न सोपवता पशुवैद्याने केलेली बरी.