रडारगनला न कळणारं पिचिंग

अमेरिकेत शाळकरी मुलांचा बेसबॉल सामना असला की जाळीमागे कुणी ना कुणी रडारगन रोखून उभा असतोच. आकडा ताशी नव्वद मैलांपुढे गेला की कॉलेजचे प्रशिक्षक त्या मुलाचं नाव टिपून घेतात. मग ज्याचा चेंडू तिथवर पोचतच नाही, त्याने काय करायचं?

ग्रेग मॅडक्सकडे बघायचं. लास वेगासमध्ये वाढलेल्या या बेताच्या अंगकाठीच्या पोराला राल्फ मेडार या जुन्या स्काउटने शिकवलं, की वेगाआधी चेंडू हवेत वळवायला शीक. मॅडक्सने पुढे १९९२ ते १९९५ सलग चार वर्षं सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला आणि ३५५ सामने जिंकले. पाच हजारांहून अधिक इनिंग्जमध्ये त्याने वॉक दिले फक्त ९९९. प्रतिस्पर्ध्याला फुकटचा बेस म्हणून द्यायचा नाही, असा रोखठोक कारभार! १९९७ मध्ये शिकागो कब्जविरुद्धचा अख्खा सामना त्याने ऐंशीहून कमी चेंडूंत संपवला होता.

खरी मेख बॅटरच्या अंदाजात आहे. पिचरपासून होम प्लेट साडेसाठ फुटांवर. फास्टबॉल अर्ध्या सेकंदाच्या आत येऊन थडकतो, त्यामुळे बॅट फिरवायची की नाही हे चेंडू वाटेत असतानाच ठरवावं लागतं. चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखा भासणारा हळू चेंडू, नेमका इथे दगा देतो. अंगठा आणि तर्जनीचं कडं करून ते चेंडूच्या कडेला टेकवायचं, उरलेली बोटं वरून पसरायची आणि चेंडू तळव्यात जरा खोल धरायचा. हात मात्र फास्टबॉलच्याच झपाट्याने फिरला पाहिजे. तो किंचित जरी मंदावला तरी चांगला बॅटर ओळखतो, आणि मग चेंडू कुंपणापलीकडे. साधलं, तर चेंडू आठ-दहा मैलांनी हळू येतो आणि बॅट आधीच फिरून गेलेली असते. बेसबॉलमधलाच नकलबॉल श्रीरामपूरच्या झहीर खानने २०११ च्या विश्वचषकात टाकला, तेव्हा आपण ही फसगत पाहिलीच आहे.

वेग नकोच, असं कुणी म्हणणार नाही. वेगवान पिचरची एखादी चूक खपून जाते, संथ पिचरची नाही. त्याला प्लेटच्या सतरा इंचांच्या कडाच धरून राहावं लागतं. पण कोवळ्या वयात नुसत्या आकड्यापायी कोपर पणाला लावणं हा शुद्ध अविचार आहे. जेमी मॉयरने २०१२ मध्ये वयाच्या ४९ व्या वर्षी मेजर लीगमधला सामना जिंकला, तेव्हा त्याचा फास्टबॉल ऐंशी मैलांनाही पोचत नव्हता.