दुसरी चावी कपाटात आहे ना?

घराच्या किल्ल्या सांभाळणं हे आपल्याकडे पूर्वापार गृहिणीचंच काम. जुडग्यातली कुठली किल्ली कोठीची, कुठली ट्रंकेची, हे घरात दुसऱ्या कुणाला धड सांगता यायचं नाही. एखादी हरवलीच, तर नाक्यावरचा चावीवाला कानस घेऊन बसतो आणि थोड्याच वेळात नवी किल्ली हातात ठेवतो. पण हल्ली या जुडग्यात एक अशी चावी येऊ लागली आहे, की तिच्यापुढे नुसत्या कानशीचं काही चालत नाही. ही चावी यजमानांच्या किंवा मुलाच्या नव्या मोटारसायकलची.

सगळ्याच गाड्यांना अशी चावी नसते, बरं का! साध्या मोटारसायकलींना बहुधा नसते. होंडा, यामाहा, कावासाकी, डुकाटी यांच्या पुष्कळशा मोठ्या आणि महागड्या गाड्यांना मात्र असते. तेव्हा आपल्या गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक एकदा उघडून बघावं. त्यात 'इमोबिलायझर' असा शब्द दिसला, तर पुढचं सगळं आपल्यासाठीच आहे असं समजा.

चावीच्या पोटात काय असतं?

अशा चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक इवलीशी चिप बसवलेली असते. तिला सेल लागत नाही. कुलपाच्या तोंडाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. चावी फिरवली, की त्या वेटोळ्यातून चिपला जरा शक्ती मिळते आणि ती आपला सांकेतिक क्रमांक सांगते. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, तो क्रमांक आपल्याकडच्या नोंदीशी ताडून बघतो. जुळला तर इंजिन चालू होऊ देतो, नाही तर नाही. म्हणून बाहेरून नुसती कापून आणलेली चावी कुलपात फिरते, हँडल मोकळं होतं, दिवेही लागतात. पण इंजिन काही चालू होत नाही!

रेशनकार्डासारखंच आहे हे. कार्डावर नाव नसेल, तर माणूस घरातला असूनही त्याच्या वाट्याचं धान्य मिळत नाही. नवं नाव चढवायचं तर आधीचं कार्ड दाखवावं लागतं. इथेही नव्या चावीची नोंद करायला आधी नोंदलेली एक चावी हजर लागते. जुनी चावी कुलपात घालून ईसीयूला नोंदणीच्या स्थितीत आणतात आणि मग नवीची ओळख करून देतात. हे काम कंपनीच्या अधिकृत दुकानातच करून घेणं बरं.

यात एक मेख आहे. होंडाच्या 'हिस' नावाच्या पद्धतीत नोंदणी सुरू झाली, की कुलपात असलेली चावी सोडून बाकी सगळ्या चाव्यांची नोंद पुसली जाते. म्हणून दुकानात जाताना गाडी, घरातल्या झाडून सगळ्या चाव्या आणि चावीचा नंबर कोरलेली छोटी पट्टी बरोबर न्यावी. अशा चार चाव्यांपर्यंत नोंद करता येते. याचा एक फायदाही आहे. हरवलेली चावी कुणाच्या हाती लागली असेल, तर नव्याने नोंदणी केल्यावर तिने कुलूप उघडेल, पण इंजिन चालू होणार नाही.

यामाहाच्या कित्येक मोठ्या गाड्यांबरोबर तीन चाव्या मिळतात: दोन काळ्या आणि एक लाल. रोज वापरायच्या त्या काळ्या. लाल चावी फक्त नव्या नोंदणीसाठी. ती हरवली तरी काळ्या चाव्यांनी गाडी चालते, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. पण पुढे नोंदणीची वेळ आली, की सगळी इमोबिलायझर यंत्रणाच बदलावी लागते. होंडाच्या गाडीच्या सगळ्या चाव्या गेल्या, तर ईसीयू बदलण्याची पाळी येते. दुसरी चावी करण्याचा खर्च त्यापुढे काहीच नाही. एक चावी हाताशी आहे तोवरच दुसरी करून घ्यावी, ते यासाठी!

एवढं जरूर सांभाळा

१. लाल किंवा जादा चावी दागिन्यांबरोबर कपाटात ठेवावी. नंबरची पट्टी वेगळ्या जागी ठेवावी आणि तो नंबर वहीतही टिपून ठेवावा.

२. अशा दोन चाव्या एका कडीत अडकवू नयेत. जवळ दुसरी चिपवाली चावी असली, की यंत्रणा गोंधळते. गाडीवरचा खुणेचा दिवा विझत नसेल, तर दुसऱ्या चाव्या दूर करून पुन्हा बघावं.

३. पँट धुण्यात टाकण्यापूर्वी खिसे तपासावेत. चावी पाण्यात बुडू देऊ नये, उन्हात तापत ठेवू नये आणि फ्रिजच्या लोहचुंबकाला तर मुळीच लटकवू नये.

४. जुनी गाडी घेताना सगळ्या चाव्या आणि नंबरची पट्टी मागून घ्यावी, मगच पैसे मोजावेत.

५. चावी हरवली तर पोलिसांत कळवून पोच घ्यावी. गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी सहसा सगळ्या मूळ चाव्या मागते. एक कमी भरली, की विचारणा सुरू होते, आणि पोच जवळ असली तर उत्तर देता येतं.

"आमच्याकडे मोटारसायकल नाही, माझी आपली स्कूटर!" असं कुणी म्हणेल. पण जानेवारी २०२३ मध्ये ॲक्टिव्हाचं 'एच-स्मार्ट' आलं, त्यालाही इमोबिलायझर आहे. नोंद नसलेल्या चावीने तीही चालू होत नाही. शिवाय या स्मार्ट चावीत सेल असतो, तो वेळच्या वेळी बदलावा लागतो.

तेव्हा भगिनींनो, आज संध्याकाळची आवराआवर झाली, की कपाट उघडा आणि गाडीच्या चाव्या मोजा. एकच सापडली, तर या रविवारची वाट बघू नका. उद्याच यजमानांना दुकानात पाठवा, नाही तर सरळ स्वतःच जा!