ढगांखालची हिरवाई मोजायला हवी

मे महिन्यात रत्नागिरीचा कातळसडा उघडा आणि काळपट असतो. जूनच्या पावसाबरोबर त्याच जांभ्यावर गवत उगवते, पाठोपाठ दीपकाडी, सीतेची आसवे फुलतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात सगळे वाळून जाते. ही हिरवाई दरवर्षी कधी सुरू होते, कधी भरात येते आणि कधी ओसरते, हे समजले तर बदलत्या पावसाचा सड्यावर होणारा परिणाम आकड्यांत कळेल. सेंटिनेल-2 उपग्रहांची जोडी दर 5 दिवसांनी 10 मीटरपर्यंतचा तपशील टिपते. पण पावसाळ्यात मध्ये ढग येतात. कोकण हिरवे होते तेव्हाच ते वरून दिसत नाही. म्हणून प्रकाशमापक जमिनीवर, ढगांखाली बसवले पाहिजेत.

त्यांचे तत्त्व सोपे आहे. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवते. खांबावरचा एक संवेदक आकाशातून येणारा, तर दुसरा जमिनीवरून परतणारा प्रकाश मोजतो. त्यावरून दोन्ही रंग किती प्रमाणात परतले ते काढतात आणि त्यांच्या फरकाला बेरजेने भागतात. उघड्या कातळावर हा आकडा लहान असतो, दाट हिरवळीवर 0.8 च्या आसपास जातो. येणारा प्रकाशही मोजलेला असल्याने आभाळ भरले तरी हिशेब बिघडत नाही.

एका खांबाला काही मीटरच दिसतात, हा आक्षेप खरा आहे. पण पाणथळ खळगा, पातळ माती आणि उघडा कातळ अशा वेगवेगळ्या जागी खांब रोवता येतात आणि उघडिपीत मिळालेल्या उपग्रहचित्रांशी त्यांचे आकडे ताडून पाहता येतात. यंत्राला गवत आणि फूल वेगळे ओळखता येत नाही. त्यासाठी वनस्पती जाणणारा माणूस लागणारच. शेवाळ, कोळिष्टके आणि खारी हवा यांमुळे काच नियमित पुसावी लागेल. जाणत्या बागायतदाराला कलमांची पालवी नजरेनेच कळते, मग यंत्र कशाला, असेही कोणी विचारील. ती नजर मोलाचीच आहे. पण दहा वर्षांपूर्वीच्या हिरवाईची आजच्याशी नेमकी तुलना आठवणीवरून होत नाही.

दापोलीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, जिल्ह्यात विज्ञान महाविद्यालये आहेत. त्यांनी मिळून सड्यावर निदान चार-पाच खांब उभारावेत आणि नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवाव्यात. निसटलेल्या पावसाळ्याची मोजणी मागाहून करता येत नाही. सुरुवात येत्या जूनपासूनच व्हावी.