कुपोषण आणि ऐकण्याची वाट

बाळाचा आतला कान जन्मतःच तयार असतो. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंवर मायलिनचं स्निग्ध आवरण मात्र पहिली दोन वर्षं चढत राहतं. प्रथिनं, लोह कमी पडलं की हे काम मंदावतं, संदेश रेंगाळतो. झोपलेल्या बाळाच्या कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड लावून केलेल्या ‘बेरा’ चाचणीत आवाजानंतर १० मिलिसेकंदांत उमटणाऱ्या लहरी मग उशिरा दिसू शकतात. प्रतिकारशक्ती खालावल्याने कानही वरचेवर फुटतो. हिंगोली जिल्ह्यातल्या कनेरगाव नाक्यासारख्या गावात अंगणवाडीची पट्टी दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी असेल तर तीव्र कुपोषण दाखवते. ऐकण्यातला उशीर तिला कळत नाही, आणि खरी काळजी तीच. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या बालकांचं ऐकणंही तपासलं जातं.