विनंती विशेष

काही इंग्रजी शब्द आपल्या घरी पाहुणे म्हणून आले आणि घरजावई होऊन बसले. ‘रिक्वेस्ट’ हा त्यांतलाच एक. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये तो मला रोज भेटतो. टिटवाळा सुटून खडवली येईपर्यंत तो चार वेष बदलतो. “जरा सरका हो, रिक्वेस्ट आहे,” ही चौथ्या सीटची मागणी. “साहेबांकडे बदलीची रिक्वेस्ट टाकलीय,” ही नोकरदाराची आशा. “त्याची फ्रेंड रिक्वेस्ट मी अजून घेतली नाही,” ही कॉलेजकन्येची सत्ता. आणि “तुला शेवटची रिक्वेस्ट करतोय!” हा वडिलांनी मोबाईलवरून चिरंजीवांना दिलेला सज्जड दम. शब्द एकच, पण कोण कोणाला म्हणतो, त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

मी मराठीचा प्राध्यापक. तेव्हा शब्द दिसला की त्याचे कुळ विचारायची मला खोड. ‘रिक्वेस्ट’चे मूळ लॅटिन भाषेत आहे आणि त्या धातूचा अर्थ शोधणे, विचारणे, मागणे. त्याच घराण्यात ‘क्वेश्चन’ आणि ‘क्वेस्ट’ जन्मले. ‘रिक्वायर’ ही तर सख्खी बहीण. पण भाऊ हात जोडतो आणि बहीण दरडावते! ‘काँकर’, म्हणजे जिंकणे, हाही त्यांचा भाऊबंदच. मागता मागता माणूस कुठवर जातो, याचा हा इतिहासच म्हणायचा.

आपल्याकडची वंशावळही कमी गमतीची नाही. आकाशवाणीवर श्रोत्यांच्या पसंतीची गाणी लागत, त्याला आपण ‘फर्माईश’ म्हणत आलो. हा शब्द फारसीतल्या ‘आज्ञा करणे’ या क्रियापदापासून आलेला. बादशाही ‘फर्मान’ त्याचेच भावंड. म्हणजे झुमरीतलैयाहून पोस्टकार्ड धाडणारा श्रोता नकळत हुकूमच सोडत होता! ‘अर्ज’ हा मूळचा अरबी. त्याचा अर्थ पुढे ठेवणे, सादर करणे. त्यात लाचारीचा लवलेश नाही.

आणि आपली ‘विनंती’? ‘विनवणे’ हे क्रियापद संस्कृतातील ‘विज्ञापयति’पासून प्राकृतातून आपल्याकडे आले. त्याचा अर्थ जाणवून देणे, कळवणे. हिंदीत जाहिरातीला ‘विज्ञापन’ म्हणतात, तेही याच कुळातले. जुनी मोडी पत्रे पाहा. आरंभी ‘साष्टांग नमस्कार विनंती’ आणि शेवटी ‘हे विनंती’. मध्ये मागणे असेलच असे नाही. कुठे लढाईची बातमी, कुठे पावसापाण्याची हकिगत. लिहिणाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेले दुसऱ्याच्या कानावर घातले, की झाली विनंती. ‘विनंती विशेष’ म्हणजे विशेष सांगायचे ते असे की! हात जोडणे शब्दाला पुढे चिकटले. आधी होते ते कळवणे.

वाचकहो, शब्दाचे मूळ कसेही असो, आज घराघरांत त्याचे काय झाले आहे? लग्नपत्रिकेवर छापतात, ‘आहेर आणू नये ही नम्र विनंती’. ती वाचूनच आपण पाकिटात किती घालायचे याचा विचार करू लागतो. सासूबाई म्हणतात, “अगं, जमलं तर चहा टाकतेस का?” यात ‘जमलं तर’ हे दोन शब्द किती खरे असतात, हे सूनबाईंना विचारा. खऱ्या विनंतीची माझी कसोटी अशी, की तिला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे आणि म्हटल्यावर भांड्यांचा आवाज होता कामा नये. ‘नाही’ म्हणायची सोय नसेल तर तो हुकूम. तो सरळ द्यावा; निदान ऐकणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत ते कळते.

घरात या गोंधळाने फार तर अबोला होतो. घराबाहेर मात्र जीव जातो. रेल्वेचे रूळ ओलांडणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. तरी प्रवाशांना आपण ‘रूळ ओलांडू नये, ही विनंती’ अशाच सुरात सांगतो. खडवलीला स्टेशनापासून जवळच भातसा नदी आहे. पावसाळ्यात मुंबई-ठाण्याकडची तरुण मुले इथे सहलीला येतात, आणि कोणी बुडाल्याची बातमी ऐकली नाही असा पावसाळा विरळा. नदीकाठच्या फलकावर ‘पाण्यात उतरू नये ही विनंती’ लिहिले, की वीस वर्षांच्या मुलाला वाटते, विनंतीच आहे, नाकारली म्हणून काय बिघडले? त्यापेक्षा ‘पाण्यात उतरू नका. येथे माणसे बुडाली आहेत’ असे लिहिले तर? हे शब्द सौम्य नाहीत. पण ‘विज्ञापना’ याच शब्दांत आहे. जे त्या मुलाला ठाऊक नाही, ते यात कळवले आहे.

याच्या उलट तऱ्हा सरकारी कचेरीत दिसते. जिथे आपला हक्क आहे, तिथे आपण गुडघे टेकतो. गावात प्राध्यापक राहतो म्हटल्यावर अर्ज लिहून घ्यायला माणसे येतात. अशाच एक वृद्ध शेजारीण आल्या. यजमान गेल्यावर घराच्या कागदावर आपले नाव लागावे म्हणून त्यांनी दीड वर्षात एका कचेरीत तीन अर्ज दिले होते. तिन्ही वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले. पण तिन्हींत ‘कृपावंत होऊन’, ‘गरिबावर दया करून’ आणि ‘आपली आज्ञाधारक’ हे होतेच. उत्तर एकाचेही नव्हते.

चौथा कागद मी लिहिला, तो माहितीच्या अधिकाराखाली. तुम्ही एस.टी.चा ‘विनंती थांबा’ पाहिला असेल. हात दाखवला की गाडी थांबते. कशाला जाता, असे ड्रायव्हर विचारत नाही. २००५ चा हा कायदा तसाच आहे. महाराष्ट्राने तर आपला स्वतंत्र कायदा त्याच्या आधीच केला होता. २००५ च्या कायद्याच्या इंग्रजी पाठात, सहाव्या कलमात, शब्द आहे ‘रिक्वेस्ट’; पण या रिक्वेस्टला कारण सांगावे लागत नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते; प्रश्न जीविताचा वा स्वातंत्र्याचा असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. नाकारायची असेल तर कारण अधिकाऱ्याने द्यायचे. आणि ज्याला लिहिता येत नाही, त्याची तोंडी विनंती कागदावर उतरवायला साह्य करणे हेही त्याच अधिकाऱ्याचे काम.

मी पाच ओळी लिहिल्या. अमुक तारखांच्या अर्जांवर काय कार्यवाही झाली, ते कोणाकडे आहेत, कागदांच्या प्रती द्याव्यात. खाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. बाईंनी वाचून घेतले आणि काळजीने म्हणाल्या, “सर, ह्याच्यात हात कुठं जोडलेत?” मी म्हटले, “काकू, नमस्कार वर घातलाय. तेवढा पुरे.”

महिन्याच्या आत उत्तर आले. वारसांचे एक प्रतिज्ञापत्र कमी होते, एवढेच! दीड वर्षात ते त्यांना कोणी कळवलेच नव्हते. प्रतिज्ञापत्र दिले आणि यथावकाश नाव लागले. कोणी दया केली नव्हती. एकाने विचारले आणि दुसऱ्याने सांगितले, इतकेच झाले होते.

तेव्हा या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती मुलांना एवढे जरूर सांगा. स्नेहाचे मागणे असेल तिथे विनंती करावी आणि नकारही हसून घ्यावा. जिवाला धोका असेल तिथे स्पष्ट बजावावे. आणि हक्क असेल तिथे नम्रपणे, पण ताठ मानेने विचारावे. नम्रता आणि लाचारी यांत अंतर आहे. नम्र माणूस उत्तराची वाट पाहतो, लाचार माणूस कृपेची.

बहुत काय लिहिणे? हे विनंती.