संवाहक : विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांतील वर्तन

तांब्यासारख्या संवाहकात मुक्त इलेक्ट्रॉन असतात. स्थिर विद्युत् क्षेत्रात त्यांची अशी फेरमांडणी होते की, संवाहकाच्या अंतर्भागातील क्षेत्र शून्य होते. स्थिर चुंबकीय क्षेत्र मात्र तांब्यातून आरपार जाते. ते बदलल्यास संवाहकात त्या बदलाला विरोध करणारे प्रवाह प्रवर्तित होतात. शिवाय प्रवाह वाहणारा संवाहक स्वतःभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो.

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू करण्याचे ठरले, तेव्हा कुलाबा वेधशाळेतील भूचुंबकीय वेधांना यामुळेच बाध येणार होता. तारांतील व रुळांतील प्रवाहांचे मंदपणे बदलणारे क्षेत्र तांब्याच्या पत्र्यांनी अडविता आले नसते. अंतर वाढविणे हाच उपाय होता. म्हणून १९०४ मध्ये अलिबाग येथे वेध सुरू झाले. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी वेध घेतल्यामुळे जुन्या व नव्या नोंदींचा मेळ घालता आला. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली व १९६४ मध्ये बंद झाली.